सुभेदाराचा अळणी भोपळा

आधीच सांगून टाकते. कुत्र्याच्या शी-शूबद्दल वाचायला ज्यांना किळस येते त्यांनी इथंच थांबावं. पुढं सगळं तेच आहे.

माणूस आजारी पडला की चार जण डबा घेऊन येतात, बसतात, चौकशी करतात. कुत्रं आजारी पडलं की लोक हसतात. मला वर्षभर हसले. पण परवा इस्लामपूरहून एक बाई पत्ता विचारत माझ्या शिलाई मशीनपर्यंत आली. तिच्या कुत्रीचं कंबरडं मोडलेलं, हिचे डोळे रडून सुजलेले. तिला समोर बसवून जे सांगितलं तेच आता लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. दहावी पास, आष्ट्यात ब्लाउज शिवते आणि तोंडानं फटकळ आहे. पण एका कुत्र्याला मरणाच्या दारातून मी ओढून आणलंय, तेव्हा बोलायचा हक्क आहे मला.

ट्रॉली

कुत्र्याचं नाव सुभेदार. नाव ह्यांनी ठेवलं. हे म्हणजे माझे मालक, आनंदा, तेव्हा मिलिटरीत नाईक. "मी काय सुभेदार हुईत न्हाई, निदान घरात तरी एक असू दे," असं म्हणून सुट्टीत उसाच्या फडातून पिल्लू उचलून आणलं आणि आपण गेले परत सीमेवर. मागं घरात मी, सासू आणि सुभेदार. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. आत्ती त्याला नावानं हाक मारायची नाही. "त्ये कुत्रं" म्हणायची, आणि तेही तोंड वाकडं करून.

चौऱ्याण्णवचा गळीत हंगाम होता. कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं लावलेला टेप. सुभेदार तीन वर्षांचा, अंगात नुसती मस्ती. कोपऱ्यावर पुढच्या ट्रॉलीला भुंकत राहिला आणि मागची त्याला दिसलीच नाही. मी मशीनवरून उठून धावले तर तो पुढच्या दोन पायांवर माझ्याकडं सरकत येत होता आणि मागचं अंग नुसतं फरफटत होतं.

पोत्यावर घालून जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथं सगळ्या म्हशी, बैल, गाभण गाई. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बाई, कशाला जिवाला तरास करून घितीस? एक सुई टोचायला सांग, सुटंल त्ये."

मी म्हटलं, "काका, तुमचं कंबरडं मोडलं तर घरच्यांनी काय करायचं, तेपण आत्ताच सांगून ठेवा."

म्हातारा आपल्या म्हशीकडं वळला.

डॉक्टर आटपाडीकडचा, नवीन लागलेला पोरगा. त्यानं हात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, फोटो काढल्याबिगर सांगता येत न्हाई. आन कुत्र्याचा फोटो हितं कोण काढतंय? सांगलीला जावा." एसटीत कुत्रं घेत नाहीत. आमच्या समोर दस्तगीरभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांनी भाजीचा टेम्पो थांबवला आणि ड्रायव्हरला दम दिला, "कोथिंबिरीशेजारी जागा कर. सुभेदारसाहेब चाललेत सांगलीला."

सांगलीत माणसांचे एक्सरे काढणारे एक डॉक्टर होते. पहिल्यांदा नाही म्हणाले. मी दारातून हलले नाही तेव्हा म्हणाले, "दुपारी पेशंट गेले की मागच्या दारानं आणा." आत फोटो काढणाऱ्या बाईनं वहीत लिहायला नाव विचारलं. मी म्हटलं सुभेदार. आडनाव? मी आमचंच सांगितलं. वय तीन. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा कुत्र्याकडं, आणि मुकाट्यानं लिहून घेतलं. त्या बाईचं मी आजही भलं चिंतते.

जलमभर

आटपाडीच्या डॉक्टरनं तो फोटो खिडकीच्या उजेडाला धरला.

"ताई, हाड जुळंल. चालंल ह्यो, पळंल सुद्दा. पण हितं बघा. मोडताना हाड आत सरकलंय, म्हंजी शीची वाट अरुंद झाली. शी कडक झाली की हितं अडकणार. सारखी अडकली की आतडं ढिलं पडतंय, आन एकदा ढिलं पडलं की मग माझ्या हातात काय ऱ्हात न्हाई."

"मग किती दिवस सांभाळायचं?"

"जलमभर."

मी तिथंच फरशीवर बसले. रडले, लाजायचं काय त्यात? मग विचारलं, औषध काय. तो म्हणाला, "तांबडा भोपळा." मला वाटलं, हापण हसतोय माझ्यावर. अशी काही तडकले की त्याला दोन्ही हात वर करून शपथ घ्यावी लागली.

त्यानं जे सांगितलं आणि जे पुढं मी माझ्या चुकांनी शिकले ते असं. भोपळा पिकलेला, तांबडा घ्यायचा. चिरल्यावर कणभर जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर सरळ फेकून द्यायचा. देठ काढायचं, ते घशात रुततं. साल काढायची, बिया काढायच्या, बियांभोवतीच्या ताराही खरवडून टाकायच्या. अरुंद वाटेत साल आणि बी म्हणजे दगडच. मग नुसत्या पाण्यात बोटानं चेपेल इतका मऊ उकडायचा. मीठ नाही, मिरची नाही, हळद नाही, फोडणी नाही. घारग्यांचं उरलेलं गूळ घातलेलं पीठ द्यायचं नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याच्या रक्ताला बाधतं. उकडलेला कुस्करून, गार करून मऊ भातात कालवायचा.

आणि बदाबदा घालायचा नाही. मी पहिल्या दिवशी मायेनं वाटीभर चारला आणि दोन दिवस अंगण धूत बसले. एका चमच्यानं सुरू करायचं, दोन-तीन दिवसांनी दुसरा वाढवायचा. सुभेदार पंधरा किलोचा, त्याला दोन्ही वेळचे मिळून चार चमचे लागू पडले. तुमच्याला किती ते त्याची शी बघून तुम्हालाच कळेल, तेव्हा बघायची लाज सोडा. पाणी भरपूर. हाडूक बंद, शेजारच्या रविवारच्या रश्श्यातलंसुद्धा. आणि दोन दिवस झाली नाही, कुंथतोय, ओकतोय असं दिसलं, तर घरात भोपळा चारत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. भोपळा म्हणजे काही अंगारा नव्हे.

चीर

आता खरी गंमत. कुत्र्याला भोपळा चारायचा तर आधी भोपळा फोडायला हवा. आणि आमच्या घरात बाईनं भोपळा फोडायचा नाही.

आत्तीचं म्हणणं असं, की भोपळा म्हणजे घरातला थोरला लेक. बाईनं त्याला पहिलं शस्त्र लावलं की लेकावर संकट येतं. आधी पुरुषानं चीर द्यायची, मग बाईनं पाहिजे तसा चिरावा. आणि आत्तीचा थोरला, धाकटा, एकुलता एक लेक बंदूक घेऊन बर्फात उभा. तिच्याशी काय वाद घालणार?

बाजारात फोडी मिळतात, पण आठवड्यातून एकदा. आमच्याकडं फ्रीज नव्हता. अख्खा भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, फोडलेला ओल्या फडक्यात तीन-चार दिवस. म्हणजे दर चार दिवसांनी पुरुष शोधा. ते काम दस्तगीरभाईंनी अंगावर घेतलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचे, हात धुवायचे, बिस्मिल्ला म्हणून कोयत्यानं एक चीर द्यायचे आणि विचारायचे, "काय वहिनी, साहेबांना साफ झाली का?" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

मी आत्तीला म्हटलं, "दस्तगीरभाईंचा हात चालतो, उद्या एखादा अनोळखी गडी आला तर त्याचाही चालेल. बाईचाच तेवढा चालत नाही व्हय?"

"न्हाई चालत," आत्ती म्हणाली. विषय संपला.

असे सात-आठ महिने गेले. हाड जुळलं. सुभेदार तिरका चालायचा, मागचं अंग एका बाजूला टाकून, पण चालायचा. बायका विचारायच्या, "शालन, कुत्र्याचं पथ्य करतीस, तसा एखादा नवस कर की पोरासाठी." लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मी ब्लाउजचं माप घेताघेताच सांगायची, "मावशी, श्वास सोडा, नाहीतर फिटिंग चुकेल." पण लागायचं, खोटं कशाला बोलू. रात्रंदिवस मशीन चालवून हात दुखत नव्हते तेवढं ते दुखायचं.

वाईहून परत

भावाला मुलगा झाला. बारशासाठी मी चार दिवस वाईला गेले. जाताना दस्तगीरभाईंकडून भोपळा फोडून घेतला, आत्तीला दहा वेळा सांगितलं: साल नाही, बी नाही, मीठ नाही. "मला काय येडी समजतीस?" म्हणाली.

परत आले तर सुभेदार दारात आलाच नाही. खाटेखाली होता. पोट टणक, तोंडाला फेस, आणि कुंथताना असा आवाज की तो ऐकून मी पिशवी तिथंच टाकली.

"आत्ती, काय चारलंत ह्याला?"

"भोपळाच."

"कसा?"

मी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. मस्त तर्री आलेली भाजी होती. सालीसकट फोडी, वर बिया, आणि घमघमाट आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्याचा. चार दिवस दोन्ही वेळा.

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. आत्ती भिंतीला टेकून उभी होती. एवढंच म्हणाली, "अळणी अळणी किती दिवस खायाचं गं त्येनं? आपल्या ताटाकडं बगत बसतंय. त्येला काय जीव न्हाई व्हय? बिया म्हंजी ताकद, म्हणून घातल्या." मग अगदी हळू, "लय आवडीनं खाल्लं सुबेदारानं."

तिच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. पण माझं डोकं फिरलेलं होतं, मी सुभेदाराला उचलून दवाखान्यात पळाले.

डॉक्टरनं दोन दिवस खटपट केली. एनिमा, पोटात तेल, हातमोजा घालून बोटानं काढणं. मी त्याचं डोकं धरून बसायची आणि सुभेदार एवढ्या यातनेत माझा हात चाटायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर घाम पुसत म्हणाला, "अडकलं होतं त्ये काढलंय. सालीचे तुकडे होते तसंच्या तसं. पण आतडं दमलंय, ताई. आज पातळ भोपळा पोटात जाऊ दे. उद्या सांजच्यापातूर आपलं आपून त्येनं केली, तर वाचला. न्हाई केली तर..." त्यानं पुढचं सोडून दिलं.

"तर काय? सुई?"

"यातनेत ठिवायचं न्हाई, ताई."

"उद्या संध्याकाळ झाली नाही अजून," मी म्हटलं आणि सुभेदाराला उचललं.

कोयता

घरी आले. फोडलेला भोपळा संपलेला. खाटेखाली एक अख्खा होता. दस्तगीरभाई पुतणीच्या लग्नाला मिरजेला गेलेले, दुकानाला कुलूप. शेजारच्या पाटलांना हाक मारली तर ओट्यावरूनच हसले, "कुत्र्यासाठी मला चीर द्यायला लावतीस व्हय? आता एवढंच ऱ्हायलं होतं!"

बस. आता कुणाच्या दारात जाणार नव्हते. भोपळा ओढून बाहेर काढला आणि कोयता घेतला.

"शालन! ठिव त्यो!"

"नाही ठेवत."

"माझं पोरगं तिकडं बर्फात हाय गं!"

"आणि हा इथं मरतोय, आत्ती. हा दिसतोय मला."

तिनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात ताकद होती, तीस वर्षं ऊस तोडलेला हात. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं जे आठ वर्षं दाबून ठेवलं होतं. "भोपळा म्हणजे लेक ना? मला लेकच नाही. गाव रोज ऐकवतंय. मग माझ्या हातानं कुणाचं वाटोळं होणार? एवढा एक फायदा तरी घेऊ दे मला वांझपणाचा!"

आत्तीचा हात सुटला. ती मटकन खाली बसली. मीपण रडत होते, कोयता हातात तसाच. सुभेदार पोत्यावर पडून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता.

"असलं बोलू नगंस," आत्ती म्हणाली. "माझ्या म्होरं परत असलं बोलू नगंस. कुणी म्हणलं तुला, त्येचं नाव सांग, झिंज्या उपटते त्येच्या." मग पदरानं तोंड पुसलं. "तू फोड न्हाईतर मी फोडीन, घाव लागायचा तर माझ्याच लेकाला लागंल. त्ये तुझ्या डोक्यावर कशाला? मीच घातलीया त्येच्या पोटात ती भाजी. दे हिकडं."

तिनं कोयता घेतला. भोपळा दोन पायांत धरला. देवाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. "आनंदा, लेकरा, तुला न्हाई लावत बघ," असं काहीतरी पुटपुटली आणि घाव घातला. पहिला निसटला. दुसऱ्याला भोपळा उघडला.

साल, बी, तारा सगळं तिनंच काढलं, दोनदा हात फिरवून तपासलं. अळणीच उकडला. बोटावर घेऊन सुभेदाराच्या ओठाला लावला आणि म्हणाली, "खा रं. गोडच हाय, खा." दोन चमचे गेले. संध्याकाळी अजून एक. माझा राग तिथंच कुठंतरी विरघळून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर बसले होते, पण सुईत दोरा जात नव्हता. तेवढ्यात परसातून आत्तीची किंकाळी आली. धावत गेले तर सुभेदार पेरूखाली तिरका उभा, आणि आत्ती बोट दाखवून ओरडत होती, "केली! शालन, केली गं बया! मऊ हाय!"

आम्ही दोघी त्या पेरूखाली शीकडं बघून गळ्यात गळा घालून हसलो. पाटील भिंतीवरून बघत होते, त्यांना बघू दिलं.

पत्र

पण आत्तीचं जेवण उडालं. दिवसातनं एकदा, तेही दोन घास. सकाळी अकरा वाजले की उंबऱ्यावर बसायची आणि पोस्टमनच्या सायकलीचा आवाज ऐकायची. कुणाशी बोलायची नाही. सुभेदार तिच्या मांडीला पाठ लावून बसायचा, तो तिला चालायचा. मी म्हटलं, मी आहे की, माझंही माणूस आहे ते. ती म्हणाली, "घाव मी घातलाय."

पाचव्या दिवशी पत्र आलं. ह्यांचं अक्षर. मी उंबऱ्यावरच बसून मोठ्यानं वाचलं. मी मजेत आहे, थंडी फार आहे, दाढ दुखते, आईला गुडघ्याचं तेल आणून दे, सुभेदाराची कंबर कशी आहे. आत्तीनं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय लांब पसरून बसली.

मग म्हणाली, "कवा ल्हिलंय?"

तिला वाचता येत नव्हतं. एखादी पुढची तारीख सांगितली असती तर तिला कळलंही नसतं आणि ती त्या दुपारी पोटभर जेवली असती. माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिनं माझ्या तोंडाकडं असं पाहिलं की मला जमलं नाही.

"भोपळा फोडायच्या चार दिवस आधीचं आहे, आत्ती."

पत्र माझ्या हातातून घेऊन तिनं घडी केली, पदराच्या गाठीत बांधलं. समोर दस्तगीरभाईंच्या दुकानात चाकात हवा भरायचा आवाज चालू होता. ते आदल्या दिवशीच मिरजेहून परत आले होते.

"सुबेदाराच्या सांजच्याचं काय?" तिनं विचारलं.

"भोपळा संपलाय. दस्तगीरभाई आलेत, त्यांना हाक मारते."

"गिऱ्हाईक हाय त्येच्याकडं, त्येला कशाला उठवतीस?" आत्ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "कोयता दे हिकडं."